सायबॉर्ग म्हणजे लोखंडी माणूस नव्हे

सायबॉर्ग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर अर्धा चेहरा धातूचा असलेला कोणीतरी येतो, आणि मला दर वेळी वाटतं की मूळ कल्पना याच्यापेक्षा कितीतरी सुंदर होती राव.

शब्द आला १९६० मध्ये. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात काम करणारे मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी सायबरनेटिक आणि ऑर्गॅनिझम (म्हणजे सजीव) जोडून तो बनवला. सायबरनेटिक्स म्हणजे यंत्रं आणि सजीव स्वतःवर नियंत्रण कसं ठेवतात याचं शास्त्र, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे, सुकाणू धरणारा या अर्थाचा. (यातले क्लाइन म्हणजे सर्पगंधेतलं रेसरपिन मानसिक आजारांवर वापरणारे डॉक्टर, आणि वैद्यकातल्या कामासाठी दिला जाणारा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार १९५७ मध्ये त्यांच्यासोबत आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनाही सर्पगंधेवरच्याच कामासाठी मिळाला, हे किती कमी जणांना माहितीये!)

दोघांचा प्रश्न अंतराळाचा होता. पृथ्वीची हवा डबाबंद करून सोबत न्यायची त्यापेक्षा शरीरालाच तिथलं वातावरण झेपेल असं काही करता येईल का? पण हे सगळं अंतराळवीराच्या नकळत चाललं पाहिजे, जसा घाम येतो, श्वास चालतो, तसं. नाहीतर तो बिचारा दिवसभर यंत्रच सांभाळत बसणार, मग नवं जग बघणार कधी? ही कल्पना मांडणाऱ्या त्यांच्या लेखात फोटो कोणाचा, तर २२० ग्रॅमच्या एका उंदराचा, कातडीखाली छोटा पंप, त्यातून औषध हळूहळू आपोआप सुटतंय आणि त्याला त्याकडे लक्ष द्यायची गरजच नाही.

म्हणून हातात मोबाइल आहे म्हणजे आपण सगळे सायबॉर्ग, हे मला अजिबात पटत नाही, मोबाइल तर सारखं लक्ष मागतो. माझ्या मावसबहिणीला टाइप वन डायबिटीस आहे, तिच्या दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी शुगर बघतो आणि रात्री ती उतरायला लागली की कमरेचा पंप स्वतःच इन्सुलिन कमी करतो, ही झोपलेलीच असते. खरी सायबॉर्ग ती. फक्त जेवायच्या आधी भात किती, पोळ्या किती याचा हिशोब करून पंपाला अजून तिलाच सांगावं लागतं, तेवढं काम अजून बाकी आहे.