पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि माझी नाडी

गेल्या वर्षी वार्षिक तपासणीत माझं ब्लडप्रेशर १४२/९० निघालं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ६.२. आईला मधुमेह, मोठ्या मामांना हार्ट अटॅक येऊन गेलेला. रिपोर्ट हातात आला तेव्हा पोटात गोळाच आला. वय ४९, बँकेत काउंटरवर बसून काम, घरी आल्यावर ओट्यापाशी उभं राहणं, एवढीच काय ती हालचाल. डॉक्टरांनी आधी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. दोन्ही ठीक आल्यावर त्या म्हणाल्या, "गोळीचं तीन महिन्यांनी ठरवू. तोवर मीठ कमी करा आणि रोज कार्डिओ करा."

कार्डिओ म्हणजे जिममध्ये मशीनवर धावणं, अशी माझी समजूत. त्यांनी सांगितलं की, हृदयाचा वेग वाढेल आणि तो बराच वेळ वाढलेला राहील अशी कुठलीही हालचाल म्हणजे कार्डिओ. भरभर चालणं, सायकल, पोहणं, दोरीच्या उड्या, जिने चढणं. मी पुण्यात सहकारनगरात राहते. पर्वतीची टेकडी दारातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पायथ्याशी गेले आणि उत्साहाच्या भरात झपाझप चढायला घेतलं. पायऱ्या दगडी आणि चांगल्या रुंद, त्यामुळे सुरुवातीला काहीच वाटत नाही. साठाव्या पायरीला छातीचा भाता झाला. तरी थांबले नाही. दम लागला म्हणजेच व्यायाम झाला, हे डोक्यात पक्कं बसलेलं. वर पोहोचले आणि मंदिराजवळच्या कट्ट्यावर धपकन बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली. रोज येणारे एक काका लगबगीने जवळ आले. "ताई, डोकं खाली करून दोन मिनिटं बसा. बरं वाटलं की हळूहळू फेऱ्या मारा. चढून आल्यावर असं एकदम बसू नये."

त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते नंतर समजलं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त पिळून वर ढकलत असतात. आपण एकदम थांबलो की तो पंप बंद पडतो, रक्त पायातच साचतं आणि मेंदूला कमी पडतं. म्हणून शेवटची पाच मिनिटं रमतगमत चालायचं. माझ्या मते ही पाच मिनिटं जो गाळतो, त्याने व्यायाम अर्धवट सोडला.

त्या दिवशी मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजली. पंधरा सेकंदांत ३९ ठोके, म्हणजे मिनिटाला १५६. डॉक्टरांना फोन केला तर त्या रागावल्याच. २२० मधून वय वजा करा, म्हणाल्या. माझे आले १७१. हा हृदयाच्या कमाल वेगाचा ढोबळ अंदाज, पण सुरुवातीला त्याच्या ५० ते ७० टक्क्यांतच राहायचं, म्हणजे साधारण ८५ ते १२०. मोजायचा कंटाळा आला तर सोपी खूण: चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये.

मग पर्वती बाजूला ठेवली आणि महिनाभर सारसबागेत सपाटीवर चालले. रोज तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, ती अशी भरतात. पहिले दहा दिवस फार जड गेले. वजन हलत नव्हतं, पोटऱ्या दुखत होत्या, आणि इतकं हळू चालून काय होणार, हा प्रश्न रोज मनात यायचा. पण तिसऱ्या आठवड्यात रात्री पडल्या पडल्या झोप लागायला लागली. पहिला फरक तो.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा पायऱ्यांवर आले. तीस पायऱ्या, बोलणं तुटायला लागलं की थांबायचं, श्वास बसला की पुढच्या तीस. उतरताना गुडघे कुरकुरायचे, म्हणून तिरकं आणि सावकाश उतरायला शिकले. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरलं तेव्हा सोसायटीचा चार मजली जिना धरला, पण खाडा केला नाही.

वाचनात एक जुना अभ्यास आला. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. बस तीच, नोकरी तीच. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा वरखाली जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. मी वाचलं आणि माझी काउंटरवरची खुर्ची डोळ्यांसमोर आली.

पाच महिन्यांनी ब्लडप्रेशर १२८/८२, एचबीएवनसी ५.८. गोळी लागली नाही. लोणचं-पापड बंद केल्याचाही यात वाटा आहेच. साखरेचं कारण डॉक्टरांनी समजावलं: काम करणारा स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतो, आणि इन्सुलिनला स्नायूंची दाद पुढचा दिवस-दोन दिवस जास्त मिळते. म्हणून सलग खाडे नकोत. वजन तीनच किलो उतरलं. वजनकाट्याकडे बघूनच जे मध्ये सोडून देतात, त्यांच्यासाठी जीव तुटतो.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वेगळाच आकडा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मोजलेली नाडी. ती ८६ होती, आता ७२. सरावलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, त्यामुळे त्याला कमी ठोके पुरतात. मिनिटाला १४ कमी, म्हणजे दिवसाला २०,१६०. हा हिशेब मी तीनदा करून पाहिला आणि खरंच डोळे भरून आले.

हल्ली रविवारी शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण बरोबर येते. तिचंही प्रेशर वाढलंय. चढताना मी तिला मुलाच्या कॉलेजचं विचारते आणि ती भरभरून सांगायला लागते. चाळिसाव्या पायरीच्या आसपास तिची वाक्यं तुटू लागतात. "थांबूया गं," मी म्हणते. आम्ही कडेला उभ्या राहतो, खाली शहर जागं होत असतं. तिची बोटं मनगटावर, ओठ हलत ठोके मोजतात. मग श्वास बसतो आणि ती मुलाची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगायला लागते.