रेल्वेच्या नकाशावर शिकलेली राज्यक्रांती

आमच्या वेळच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात रशियन राज्यक्रांतीला जेमतेम दोन पाने होती, आणि ती वाचणाऱ्याला झारला लेनिननेच पदच्युत केले असे सहज वाटावे. आमच्या इतिहासाच्या सरांनी मात्र तो धडा फळ्यावर रशियाचे रेल्वेमार्ग काढून शिकवला. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना मला त्याच धड्याविषयी लिहावेसे वाटते, कारण सत्ता कशी कोसळते आणि कशी उभी राहते, हे मला प्रथम त्या नकाशामुळे कळले.

1917च्या हिवाळ्यात रशियात धान्य अजिबात नव्हते असे नाही. पण महायुद्धाने रेल्वेवर असह्य ताण आणला होता, इंजिने नादुरुस्त पडली होती आणि राजधानी पेट्रोग्राडला पीठ व इंधन पुरेसे पोहोचत नव्हते. 8 मार्चला, म्हणजे तेथील जुन्या पंचांगानुसार 23 फेब्रुवारीला, महिला दिनी कापड गिरण्यांतील स्त्रिया भाकरीची मागणी करत रस्त्यावर आल्या आणि दोन दिवसांत सारे शहर संपावर गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी लोकमान्यांच्या शिक्षेविरुद्ध 1908 मध्ये केलेल्या संपाची दखल लेनिनने त्याच वर्षी एका लेखात घेतली होती, हे सरांनी येथे आवर्जून सांगितले, आणि दूरची ती गोष्ट आम्हाला एकदम जवळची वाटू लागली.

11 मार्चला सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी व्होलिन्स्की रेजिमेंटने तो हुकूम पुन्हा पाळण्यास नकार दिला आणि पाठोपाठ इतर पलटणी बंडात सामील झाल्या. राजवट खरी संपली ती याच सकाळी, असे सर म्हणत, आणि पुढे पुष्कळ वाचल्यावरही मला त्यांचे म्हणणे पटते. मोगिलेव्हच्या लष्करी मुख्यालयातून राजधानीकडे निघालेल्या झार निकोलसच्या गाडीला पुढचा मार्ग बंडखोरांच्या हाती गेल्याचे कळल्याने मालाया विशेरा येथून मागे वळावे लागले, आणि ती प्स्कोव्हला जाऊन थांबली. तेथे आघाड्यांवरील सेनापतींच्या तारा आल्या. त्यांचाही सल्ला राज्यत्यागाचाच होता. 15 मार्चला निकोलसने सही केली, दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ मिखाईल याने मुकुट नाकारला, आणि 1613 पासून चालत आलेली रोमानोव्ह घराण्याची सत्ता संपली. लेनिन त्या वेळी झ्युरिकमध्ये होता; जर्मनीमार्गे आगगाडीने तो पेट्रोग्राडच्या फिनलंड स्थानकावर उतरला तो 16 एप्रिलला.

मधल्या आठ महिन्यांवर सरांनी सर्वाधिक वेळ दिला. आधी ल्व्होव्हच्या आणि नंतर केरेन्स्कीच्या हंगामी सरकारने युद्ध चालूच ठेवले, जमिनीचा प्रश्न संविधान सभेवर सोपवला आणि त्या सभेची निवडणूकही लांबणीवर टाकली. सैनिकाला शांतता आणि शेतकऱ्याला जमीन तत्काळ हवी असताना केलेली ही दिरंगाईच, माझ्या मते, बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पक्षाला, सर्वांत उपयोगी पडली. सेनापती कोर्निलोव्हने राजधानीवर सैन्य पाठवले तेव्हा रेल्वे कामगारांनी रूळ उखडून गाड्या अडवल्या, आणि त्या प्रतिकारात पुढे असलेल्या बोल्शेविकांना लवकरच पेट्रोग्राड व मॉस्कोच्या सोव्हिएटांत, म्हणजे कामगार व सैनिकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या मंडळांत, बहुमत मिळाले. 7 नोव्हेंबरला त्यांनी सत्ता हाती घेतली.

परंतु तेव्हाही एकपक्षीय राजवट अटळ नव्हती. रेल्वे कामगारांच्या संघटनेने सर्व समाजवादी पक्षांचे संयुक्त सरकार व्हावे म्हणून देशव्यापी संपाचा इशारा दिला होता. त्यावरील वाटाघाटी फिसकटल्या. नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांश मते पडली, तर शेतकऱ्यांमध्ये पाया असलेला समाजवादी क्रांतिकारक पक्ष सर्वांत मोठा ठरला. ही सभा 18 जानेवारी 1918 रोजी ताव्रिचेस्की राजवाड्यात भरली, रात्रभर चालली, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींना दारे बंद आढळली. सभेच्या समर्थनार्थ निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. कामगारांच्या लढ्याविषयी मनापासून आस्था असलेल्या आमच्या सरांनी हा गोळीबारही मार्चमधल्या गोळीबाराइतक्याच तपशिलाने शिकवला, आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर आहे, तो मुख्यतः त्या तासाचा आहे.