आईच्या पुस्तकातली गाणी

पेटीवाल्याला गाणं निवडायचा अधिकार नसतो. गेली बावीस वर्षं मी सुगम संगीताच्या कार्यक्रमांत साथ करतो आहे. लग्न, बारसं, साठीशांत, कोजागरी, गणपती. फर्माईशीची चिठ्ठी येते, निवेदक ती वाचतो, गायिका माझ्याकडे बघून नुसती मान हलवते आणि मी पट्टी धरतो. रात्री पेटी रिक्षात घालून घरी आलं की झोप काही लवकर लागत नाही. मग अंधारात हेडफोन लावून आपल्याला हवं ते ऐकायचं. हल्ली बरेच दिवस ते 'हवं ते' म्हणजे जॉनी कॅश या अमेरिकन गायकाचा एक अल्बम आहे, 'माय मदर्स हिम बुक', म्हणजे माझ्या आईचं भक्तिगीतांचं पुस्तक. पंधरा गाणी, एक गिटार, एक आवाज. ना ढोल, ना कोरस, ना पेटी. साथीदाराच्या पोटावर पाय देणाराच अल्बम, पण आवडतो त्याला काय करणार!

कॅश म्हटलं की काळे कपडे आणि तुरुंगातले कार्यक्रम आठवतात. मलाही तेवढंच ठाऊक होतं. या माणसाला मुळात आईची देवाची गाणीच रेकॉर्ड करायची होती आणि ती त्याला हवी तशी करायला अख्खं आयुष्य लागलं, हे फार उशिरा कळलं.

आईचं नाव कॅरी. मंदीच्या काळात अमेरिकन सरकारने नाडलेल्या शेतकऱ्यांसाठी आर्कान्सा राज्यात डायस नावाची वसाहत वसवली. १९३५ मध्ये कॅश कुटुंब तिथे आलं तेव्हा जॉनी तीन वर्षांचा होता. पाच खोल्यांचं घर, भोवती झाडझाडोरा उपटून काढलेली दलदलीची जमीन आणि तिच्यात कापूस. कापूस वेचायला सगळं घर रानात, आणि वेचता वेचता गाणं. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे समजावून सांगायला नको. हात एका तालात चालायला लागले की तोंड गप्प राहत नाही.

ही गाणी म्हणजे सदर्न गॉस्पेल, अमेरिकेच्या दक्षिणेतली ख्रिस्ती भक्तिगीतं. त्यांच्या जन्मात भक्तीइतकाच धंदाही आहे, आणि धंदेवाईक वाजवणारा म्हणून मला ते फार आवडतं. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्ग गावात जेम्स व्हॉन नावाचा प्रकाशक देवाच्या गाण्यांची पुस्तकं छापायचा. १९१० साली त्याने चार गायक पगारावर ठेवले आणि गावोगाव पाठवले. कशाला? तर पुस्तकं खपावीत म्हणून. चौघांनी गायचं, लोकांनी डोलायचं, जाताना पुस्तक विकत घ्यायचं. पुढे हे विक्रेतेच वरचढ ठरले आणि चौघांचा संच ही या गाण्याची ओळख होऊन बसली.

पुस्तकंही गमतीदार. सात स्वरांना सात आकार. कुणी त्रिकोणी, कुणी चौकोनी, कुणी गोल. कागदावरच्या रेघा मोजत बसायचं नाही, आकार दिसला की स्वर ओळखायचा. 'डो', म्हणजे त्यांचा सा, कुठल्याही पट्टीत धरा, आकारांचं आपसातलं नातं तेच. म्हणजे आपल्या सारेगमचंच गणित की! फिरते मास्तर यायचे, दहा-पंधरा दिवसांची गायनशाळा भरायची आणि कधी बाजाची पट्टी न शिवलेला शेतकरी चार आवाजांतलं गाणं वाचून म्हणायला लागायचा. स्टाफ नोटेशनपुढे, म्हणजे रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीपुढे, मी अजूनही चाचपडतो. हे आकार मला लहानपणी भेटायला हवे होते.

गोऱ्यांच्या चर्चमधून वाढलेल्या या गाण्यात काळ्यांच्या गाण्याचं पाणी किती मुरलंय, हे मात्र पुस्तकांच्या वेष्टनावर लिहिलेलं नसे. कॅशने १९६९ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगातल्या कैद्यांपुढे 'पीस इन द व्हॅली' म्हटलं. ते गाणं थॉमस डॉर्सी या काळ्या संगीतकाराचं. गाणाऱ्या लोकांनी ते आपापल्या तोंडी बसवून घेतलं, विचारलं कुणालाच नाही.

१९४४ च्या मे महिन्यात जॉनीचा मोठा भाऊ जॅक लाकूड कापायच्या करवतीत सापडला आणि आठवड्याभराने गेला. अवघा चौदा वर्षांचा. जाताना त्याने देवदूतांचं गाणं ऐकू येतंय म्हणून आईला विचारलं, तुला येतंय का? कॅशने हे पुढे आयुष्यभर सांगितलं. दफनाच्या वेळी चर्चमध्ये हीच गाणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर पुन्हा कापसाच्या रानात उभं होतं. रडायला सवड नसलेल्या माणसांनी म्हटलेली गाणी आहेत ही. नंतर ज्यांनी ज्यांनी ती सजवून गुळगुळीत केली, ते तिथेच चुकले असं मला वाटतं. त्यांत खुद्द कॅशही आला.

आवाज फुटला आणि एकदम खोल गेला, तेव्हा आईने लोकांचे कपडे धुऊन त्याच्या गाण्याच्या शिकवणीचे पैसे उभे केले. तिसऱ्याच शिकवणीत शिक्षिकेने पियानोचं झाकण लावलं आणि सांगितलं, बाबा रे, तुझा आवाज कुणाला बदलू देऊ नकोस, मलासुद्धा. शिकवणी खलास. फी बुडवणारी अशी बाई आपल्याकडच्या क्लासांत शोधून सापडायची नाही.

मग चार वर्षं हवाई दल. जर्मनीत बसून रशियनांचे मोर्स संदेश टिपायचे आणि फावल्या वेळात स्वस्तातली गिटार झोडायची. १९५४ मध्ये परतला तो मेम्फिसला. दारोदार घरगुती उपकरणं विकू लागला, तीही धड खपेनात. जोडीला दोन मोटार मेकॅनिक: लूथर पर्किन्स गिटारवर, मार्शल ग्रँट बासवर. तिघांनी मिळून गाठलं सॅम फिलिप्सच्या सन या स्टुडिओचं, म्हणजेच रेकॉर्ड कंपनीचं दार. कॅश म्हणाला, मला गॉस्पेल गायचंय. सॅम म्हणाला, हे मला विकता येणार नाही. "जा, आधी पाप कर आणि मग खपेल असं गाणं घेऊन ये" असं सॅमने सुनावल्याचाही किस्सा सांगतात. तो इतका घोटीव आहे की मला खरा वाटत नाही. पण 'खपणार नाही' हे मात्र शंभर टक्के खरं. ते वाक्य मी इतक्या आयोजकांच्या तोंडून ऐकलंय की सॅमचा स्वरसुद्धा मला ऐकू येतो.

कॅशने मग खपणारी गाणी दिली. ढोलवाला नव्हता म्हणून गिटारच्या तारांत कागद अडकवून त्याने ढोलासारखा खरखरीत ठेका काढला. असल्या जुगाडाला आमच्यासारखी माणसं मनोमन सलाम करतात. १९५७ मध्ये सनने काढलेल्या त्याच्या पहिल्या लाँगप्लेत देवाचं एक गाणं कसंबसं शिरलं. त्याच्या थोडंसं आधी, ४ डिसेंबर १९५६ ला, एल्विस प्रेस्ली सहज म्हणून सनमध्ये डोकावला होता. कार्ल पर्किन्सचं रेकॉर्डिंग चालू होतं, पियानोवर जेरी ली लुईस होता, कॅशही तिथेच. टेप सुरू राहिली. रॉक अँड रोलमुळे पोरं बिघडली म्हणून ज्यांच्या नावाने बोटं मोडली जात होती, ती मंडळी मोकळा वेळ मिळताच काय म्हणत बसली? बरीचशी चर्चची गाणी! गिऱ्हाईक समोर नसलं की गवई आपल्या घरचं गातो. आम्हीही कार्यक्रमानंतर पिठलं-भाकरीची वाट बघत बसलो की फर्माईशीतलं एक अक्षर गात नाही.

१९५८ मध्ये त्याने कंपनी बदलली. कोलंबिया या नव्या कंपनीने देवाची गाणी करू देण्याचं कबूल केलं होतं, आणि पुढच्याच वर्षी 'हिम्स बाय जॉनी कॅश' निघाला. तो वाईट नाही. पण मागे कोरस आहे, सगळं इस्त्रीचं आहे. गाणी रविवारचे कपडे घालून आलेली वाटतात. तरी त्याने नाद सोडला नाही. दर काही वर्षांनी तो या गाण्यांकडे वळत राहिला. १९७९ मध्ये कोलंबियाने अंग काढून घेतलं तेव्हा गॉस्पेलचा दुहेरी अल्बम त्याने दुसऱ्या, छोट्या कंपनीकडून काढला. खपण्याचा प्रश्न तोच, विचारणारा फक्त बदललेला.

आई १९९१ मध्ये गेली. त्यानंतर काही वर्षांनी रिक रुबिन नावाच्या, रॅप आणि हेवी मेटलमध्ये नाव काढलेल्या निर्मात्याने कॅशला समोर बसवून सांगितलं, तुला काय गायचंय ते गा. गिटार घे आणि गा. त्यातूनच पुढे हा अल्बम झाला. तोवर आवाज वयाने खरवडून निघाला होता. वरच्या स्वराला जाताना तो जपून जातो, श्वास ऐकू येतो, बोटं तारेवर घसरतात तीही ऐकू येतात. आमच्याकडे रेकॉर्डिस्ट असले आवाज पुसून टाकतो. इथे ते पुसले असते तर गाणंच पुसलं गेलं असतं, कारण ही गाणी दमलेल्या माणसांसाठीच झालेली आहेत. कॅश म्हणायचा, मी केलेल्या सगळ्यांत हा अल्बम मला जास्त आवडतो. १२ सप्टेंबर २००३ ला तो गेला. गाणी आधी एका मोठ्या संचात आली, सुटा अल्बम २००४ मध्ये.

शेवटचं गाणं आहे 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम'. प्रवचन संपलं की तिकडच्या चर्चमध्ये हे सुरू करतात. ज्याला देवाकडे यायचंय त्याने जागेवरून उठून पुढे यावं, आणि कुणी उठेपर्यंत कडवी चालू ठेवायची. बारा वर्षांचा जॉनी याच गाण्यावर उठून पुढे गेला होता.

काल दुपारी ते पेटीवर काढलं. दादऱ्यात अलगद बसतं. पेटी हे वाद्यच मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आलेलं, तिला ही चाल परकी वाटली नसणार. चारदा झालं, पाचदा झालं.

"अहो, तेच तेच किती वेळा?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कुणीतरी उठून येईपर्यंत वाजवायचं असतं हे."

"माझे हात कणकेत आहेत," ती म्हणाली.

मी भाता ओढला आणि पुन्हा पहिल्या कडव्यावर आलो.