पट्टीमागचा उजेड

अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू हा महामार्गाचा पूल १ ऑगस्ट २००७ ला, ऐन संध्याकाळच्या गर्दीत मिसिसिपी नदीत कोसळला. १३ माणसं गेली, १४५ जखमी झाली. मी तेव्हा शेजारच्या राज्यात पूल तपासायचं काम करत होतो. हिवाळा सरता सरता आमच्याकडे ठरलं, पोलादी ट्रसचे, म्हणजे दांडे जोडून केलेल्या सांगाड्याचे, जुने पूल पुन्हा तपासायचे आणि या वेळी गसेट प्लेटी बघायच्या.

ट्रसचे उभे, आडवे, तिरके दांडे जिथे एकत्र येतात, तिथे दोन्ही अंगांनी रिव्हेट मारून बसवलेला जाड पत्रा म्हणजे गसेट प्लेट. आम्ही वर्षानुवर्षं दांडे तपासले, गंज खरवडला, वेल्डला तडे शोधले. पत्र्याचं गणित मात्र कुणी मांडत नसे. तो दांड्यांपेक्षा मजबूतच असणार, असं सगळे धरून चालायचे. १९६७ साली खुल्या झालेल्या त्या पुलात मोक्याच्या सांध्यांवर हे पत्रे अर्धा इंच जाडीचे होते, हवे होते एक इंचाचे. आराखड्यातली ही चूक चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. दरम्यान वर दोन इंच काँक्रीट वाढलं, नवे कठडे आले आणि त्या दिवशी दुरुस्तीची खडी-वाळू नेमकी त्याच भागावर रचलेली होती.

पत्रे वाकलेले स्पष्ट दिसतात, असे २००३ चे फोटो नंतर सापडले. ते मला आजही बघवत नाहीत. कॅमेरा धरणारा आपल्यापैकीच कुणीतरी होता, हे मनातून जात नाही.

आमचा पूल पन्नासच्या दशकातला. एप्रिलची सकाळ, खाली नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. क्रेनच्या बकेटमध्ये उभा राहून सातव्या सांध्यापाशी पोचलो, कबुतरांची घाण खरवडली आणि पत्र्याच्या मोकळ्या कडेला स्टीलची पट्टी लावली. वरचं टोक टेकलं, खालचंही टेकलं. मध्ये मात्र उजेडाची रेघ दिसली. फट मोजली, पाव इंचाला जराशी कमी. वरून ट्रक गेला की पट्टी बोटांत थरथरायची.

वाक कारखान्यातूनच आलेला की भाराने पडलेला, हे नुसतं बघून कळत नाही. पण त्याच वर्षी मार्चात मिनियापोलिसच्याच राज्यातल्या सेंट क्लाउडचा डीसोटो पूल असेच पत्रे वाकलेले आढळल्याने बंद केला होता. मी पुलावरूनच ऑफिसला फोन लावला. दुपारपर्यंत अवजड वाहनं थांबली. पुढे तीन आठवडे आकडेमोड चालली आणि तो सांधा काटकोनी पोलादी अँगल लावून मजबूत करावा लागला.

त्या रात्री बाबांना फोन केला. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, तिकडे सकाळचा चहा चालू होता.

"किती वाकलाय?"

"पाव इंच, बाबा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"ट्रक बंद केलेस ना?"

"दुपारीच."

"मग झोप आता."