आमची वाटचाल : बोल्ट सोडवण्याची मजुरी

रत्नागिरीत सस्पेन्शनचे, म्हणजे चाके आणि गाडी यांच्यामधल्या धक्के झेलणाऱ्या भागांचे, काम करणाऱ्याच्या वाट्याला सहज सुटणारा बोल्ट क्वचितच येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा, त्यात मिरकरवाडा बंदराकडच्या गाड्यांवर मासळीच्या पेट्यांतून गळणारे बर्फाचे पाणी. अशा गाडीखाली शिरले की लोअर आर्मचा (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) बोल्ट आणि बुशची (त्या दांड्याच्या टोकाच्या रबरी सांध्याची) आतली लोखंडी नळी हे दोन वेगळे भाग आहेत हे ओळखूही येत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो दुपटीहून अधिक जागा अडवतो आणि नळीत ती जागा मुळातच नसते.

१९९४ साली मी आणि माझे मामेभाऊ, ज्यांना सारे दादा म्हणत, यांनी पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज सुरू केले. दादा मूळचे वेल्डर. आत तुटलेल्या बोल्टच्या बुंध्यावर नट धरायचा, नटाच्या पोटातून वेल्डिंग भरायचे, लाली उतरेपर्यंत थांबायचे आणि मग पाना मागेपुढे हलवत तुकडा बाहेर काढायचा, हे काम करणारा तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. पुढची बरीच वर्षे बरी गेली.

मग शहराबाहेर हायवेला एक मोठे गॅरेज उघडले आणि ‘दोन तासांत सस्पेन्शन’ असा फलक लागला. त्यांची पद्धत सोपी होती : गाडी वर घेतली की पहिली गॅसची ज्योत. रबर जळले तर बुश बदलायचाच होता असे सांगायचे, चासीच्या आत वेल्ड केलेला नट उखडला तर तिथे खिडकी कापायची, आणि १०.९ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट ठोकायचा. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी आटे तारेच्या ब्रशने साफ होत, त्यांवर गंज सोडवणारे तेल मुरत असे आणि सकाळी सहा कोनी गोटी (डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना) लावून बोल्ट आधी किंचित आवळून मगच सोडला जाई. नट निघाला तरी काम संपत नसे. बोल्टचे डोके पाव फेरा फिरते आणि हात ढिला केला की आतले रबर त्याला पुन्हा जागेवर ओढते. याचा अर्थ बोल्ट नळीला धरून बसला आहे. अशा वेळी बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीत पाते घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापण्यावाचून इलाज नसतो. यात दिवस जातो, आणि ग्राहकाला फक्त दिवस दिसतो.

टॅक्सीवाल्यांनी पाठ फिरवली. आम्ही हाताला धरून शिकवलेली मुले तिकडे गेली, कॉम्प्रेसरचे हप्ते थकले, आणि दादांनी आपला हिस्सा काढून वेगळे वर्कशॉप टाकले. त्यांचा मला राग नाही; पण ते मला न विचारता गेले, हे मी विसरलेलो नाही.

टिकून राहिले ते मिरकरवाड्याचे एक मासळी व्यापारी. घरची मोटार आणि धंद्याचे पिकअप दोन्ही ते आमच्याकडेच आणत. त्यांनीच पुढच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम दिली आणि तीतून आम्ही इंडक्शन हीटर घेतला. वेटोळे नटाभोवती सरकवले की नट काही सेकंदांत लाल होतो. आगीची ज्योत नसल्याने शेजारच्या बॉल जॉइंटचे (चाकाकडच्या गोल सांध्याचे) रबरी आवरण सहसा वाचते. ज्योतीने शॉकअपच्या आसपास काम करणाऱ्यांनी त्यात दाबाखालचा वायू असतो याचा विचार करावा.

नव्या मुलांना, त्यांनी विचारले नसले तरी, सांगतो. लाल झालेला १०.९ चा बोल्ट पुन्हा वापरू नये, त्याचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलेले असते. कॉपर ग्रीस बोल्टच्या नळीत बसणाऱ्या गुळगुळीत भागाला लावावे. आट्यांना लावले तर टॉर्क पान्याचा (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याचा) आकडा फसवतो आणि बोल्ट वाजवीपेक्षा जास्त ताणला जातो. बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचा भार चाकांवर आल्यावर, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

हायवेवरचे ते गॅरेज अजून चालू आहे. तिथे काम झालेल्या, चाकांची अलाइनमेंट न टिकणाऱ्या गाड्या आमच्याकडे येतात. त्या गाड्यांच्या बिलात जाम बोल्ट सोडवण्याची मजुरी आम्ही वेगळ्या ओळीत लिहितो आणि त्या ओळीवर घासाघीस करू देत नाही.