तुम्ही विचारलेत म्हणून : ते कार्ड बसवायला मी दुकानात का दिले नाही

मे २०२३ मध्ये माझ्या डेस्कटॉपमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड बसवताना दशावतारी नाटकांच्या एका अख्ख्या हंगामाची चित्रणे गेली, हे वेंगुर्ल्यापासून कुडाळपर्यंत आता सर्वांना ठाऊक आहे. तेव्हापासून जत्रेत, एसटीत, तिठ्यावर मला एकच प्रश्न विचारला जातो : "तुमी ता दुकानात कित्याक नाय दिलात?" उभ्याउभ्या सांगण्यासारखे हे उत्तर नसल्यामुळे मी आजवर ते अर्धवटच दिले, आणि अर्धवट उत्तराने मी निष्काळजी असल्याचा समज अधिकच पक्का होत गेला, म्हणून एकदा पूर्ण लिहीत आहे.

कार्ड कशासाठी हवे होते, हे थोडक्यात सांगतो. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. देवळासमोरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात टिपलेल्या चित्रणात अंधाराचे दाणे इतके येतात की राजपार्टीच्या, म्हणजे राजाची भूमिका करणाऱ्या नटाच्या, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. ते दाणे काढण्याचे काम ग्राफिक्स कार्डाच्या बळावर चालते. कार्डाविना एका नाटकाला माझ्या संगणकाला दीड दिवस लागे आणि त्यात वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड मागवले.

आता दुकानाविषयी. ते बाजारात आहे, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, तेव्हा लांब पडते अशी सबब मी सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानात संगणक दुरुस्तीला दिला असता त्यांनी न विचारता डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकले होते. त्या दिवशी मी ठरवले की नाटकांच्या डिस्का असलेला संगणक घराबाहेर जाणार नाही. यावर एका शिक्षकमित्राने शांतपणे विचारले, "मग डिस्का काढून घेऊन द्यायचा होतास." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. डिस्का काढण्याचे मला सुचले असते, तर दुकानाची गरजच उरली नसती. घरीही त्या वाचल्या असत्या.

तरीही मी निष्काळजीपणे काम केले, हे मला मान्य नाही. कार्डाची लांबी मी कॅबिनेटमध्ये पट्टी धरून मोजली होती. विजेचा हिशेब केला होता : हे कार्ड १७० वॉट घेते, मदरबोर्डवरचा स्लॉट, म्हणजे कार्ड बसवण्याची खाच, जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, उरलेली वीज एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणाऱ्या आठ पिनांच्या वेगळ्या केबलने द्यावी लागते. माझा जुना एसएमपीएस ४५० वॉटचा होता आणि कंपनीची शिफारस ५५० वॉटची होती, म्हणून मी वेगळ्या कंपनीचा ६५० वॉटचा नवा एसएमपीएसही घेतला. प्लग काढला, उरलेली वीज निघून जावी म्हणून पॉवरचे बटण दाबून धरले, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. कार्ड स्लॉटमध्ये बसल्यावर खिटीचा आवाज ऐकला, मागच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू आवळले आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावली. यात कुठेही चूक नव्हती, आणि ते कार्ड आजही त्याच संगणकात चालते आहे.

चूक कॅबिनेटच्या उजव्या पत्र्यापाशी झाली. हार्ड डिस्कांना वीज देणारी जुनी केबल त्या पत्र्यामागून नेऊन पट्ट्यांनी बांधलेली होती आणि पत्र्याचे स्क्रू गंजून धरले होते. आमचे घर समुद्राच्या इतके जवळ आहे की खिडकीचे गजही दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात. मी आदल्या रात्री स्क्रूंवर खोबरेल तेल सोडले, सकाळी जोर लावला, तेव्हा एकाची खाच झिजून गेली. मग मी विचार केला की केबल जिथे आहे तिथेच राहू द्यावी. जुना आणि नवा, दोन्ही एसएमपीएस सुट्या केबलींचे होते, म्हणजे केबल त्यांच्यापासून काढता-घालता येत असे. जुन्यातून निघालेले ते सहा पिनांचे टोक मी नव्याच्या तोंडात घातले आणि ते जराही न अडखळता बसले. नव्या खोक्यातली डिस्कांची केबल पिशवीतच राहिली.

या केबलीचे डिस्केकडचे टोक सर्व कंपन्यांचे एकसारखे असते. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असा कोणताही सामाईक नियम नाही; आकार तोच असला तरी कोणत्या पिनेवर किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. माझ्या बाबतीत ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले.

मी बटण दाबले. पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. मला वाटले, कार्ड नीट बसले नाही. ते काढले, पुन्हा बसवले, आठ पिनांचे टोक दाबून पाहिले, पुन्हा बटण दाबले आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी किंचित जळका वास आला आणि तेव्हाही मी कार्डाचाच वास घेऊन पाहिला. पाच वेळा मी ते बटण दाबले. शेवटी एकेक गोष्ट सोडवत गेलो आणि डिस्कांची केबल काढताच संगणक सुरू झाला, पडदा उजळला, नवे कार्ड ओळखले गेले. तो क्षण मला आनंदाचा वाटला होता, हे मी कोणाला सांगितलेले नाही. डिस्का आठवायला मला पाचेक मिनिटे लागली असतील.

मूळ डिस्क आणि तिच्या प्रतीची डिस्क, दोन्ही त्याच एका केबलीवर होत्या.

पुण्याच्या तंत्रज्ञाने प्रतीची डिस्क जिवंत केली. तिच्या सर्किटवरचा संरक्षक डायोड जास्तीचे व्होल्टेज स्वतःवर घेऊन शॉर्ट झाला होता, त्यामुळेच एसएमपीएस दर वेळी बंद पडत होता; तो डायोड काढताच डिस्क फिरू लागली. मूळ डिस्क मात्र आतपर्यंत गेली होती. जे व्हायचे ते पहिल्याच दाबण्यात झाले, असे त्याने मला सांगितले, तरी ती पुढची चार दाबणी माझ्या मनातून जात नाहीत. प्रत मी ऑक्टोबरमध्ये घेतली होती. त्यानंतरच्या हंगामातली अकरा नाटके कुठेच नाहीत. दशावतारातले संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगमंचावर उभ्याउभ्या रचतो, आणि त्या अकरांतल्या तीन नाटकांत ज्यांचा राजा होता ते काका त्याच पावसाळ्यात वारले.

मला सर्वाधिक वेळा हा प्रश्न विचारतो तो त्यांचा मुलगा. दुकानदाराने नव्या खोक्यातलीच केबल वापरली असती, असे त्याचे म्हणणे आहे. ते खरे असावे. पण गंजलेला स्क्रू पाहून त्यानेही वेळ वाचवला असता, असे मी बराच काळ म्हणत आलो. आता तसे ठामपणे म्हणत नाही. मात्र दुकानात दिले असते तर सारे वाचले असते, हेही मी कबूल करत नाही. हंगाम संपल्यावर प्रत घ्यायची, हा नियम माझाच होता आणि तो कोणत्याही दुकानाने बदलला नसता. वेगळी प्रत वेगळ्या घरात ठेवण्याइतके पैसे त्या वर्षी नव्हते असे मी तेव्हा स्वतःला सांगितले, आणि त्याच महिन्यात कार्ड घेतले.

गणपतीत मी त्या मुलाकडे गेलो. वाचलेल्या डिस्केतले त्याच्या वडिलांचे आधीच्या हंगामातले एक नाटक मी याच कार्डावर स्वच्छ करून नेले होते. त्याला साडेतीन तास लागले. चेहरा प्रथमच नीट दिसत होता. त्याने पूर्ण नाटक पाहिले, आईला बोलावून शेवटचा प्रवेश पुन्हा दाखवला, आणि मी निघताना दाराशी येऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. आज हे लिहिलेले मी प्रथम त्याला पाठवणार आहे.