रुळांकडेचा वर्ग आणि काथ्याची दोरी

आठवीच्या सहामाहीत मी लिहिलं होतं, 'मोठ्याने ओरडलं की आवाजाची वारंवारता वाढते.' आमच्या विज्ञानाच्या सरांनी त्यावर काट मारली नाही. उत्तराखाली लाल शाईत 'पेटी' एवढंच लिहिलं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला प्रार्थनेची पेटी उघडायला लावली. काळी चारवर बोट, भाता आधी हळू, मग जोरात. सूर तोच, फक्त मोठा झाला. "भात्याने आयाम वाढतो रे, म्हणजे लहरीची उंची. वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे, ती वाढवायची तर पट्टी बदलावी लागते."

आमचा तो वर्ग मुंबईतल्या करी रोडच्या रुळांलगत होता. खिडकीच्या गजांना सरांनी काथ्याच्या दोन दोऱ्या बांधल्या. एकीचं टोक माझ्या हातात, दुसरीचं बाकावरच्या मित्राच्या. दोघांनी सारख्याच जोराने, एकाच लयीत हलवायच्या, पण त्याने अर्धा हेलकावा उशिरा सुरुवात करायची. माझी दोरी वर गेली की त्याची खाली. उंचीत फरक नाही, लयीत फरक नाही, नुसतं मागे पडणं. लहरीच्या या पुढेमागे असण्याला भौतिकशास्त्रात 'कला' म्हणतात हे तेव्हा कळलं, आणि तो शब्द मला फार आवडला.

सर डब्यासोबत ट्रान्झिस्टर आणत. दुपारच्या बातम्या लागल्या आणि लोकल गेली की खरखर सुरू. आम्ही त्रासायचो, सर मात्र त्या खरखरीवरच शिकवत. 558 किलोहर्ट्झचं केंद्र म्हणजे सेकंदाला 5 लाख 58 हजार हेलकावे देणारी वाहक लहर. निवेदकाचा आवाज तिच्या उंचीत भरलेला असतो: आवाज चढला की लहर उंच, उतरला की बुटकी. गाडीच्या पेंटोग्राफपाशी, म्हणजे टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या दांड्यापाशी, ठिणगी उडते, तीही रेडिओलहरी सोडते आणि नेमकी त्या उंचीतच लुडबुड करते. कुठली उंची बातमीची, कुठली ठिणगीची, हे सेटला कसं कळावं? "म्हणून एका माणसाने," सर म्हणाले, "उंचीचा नादच सोडला." तो माणूस एडविन आर्मस्ट्राँग, त्याला एफएमची पेटंटं 1933 साली मिळाली. त्यात आवाजाप्रमाणे वारंवारता कमीजास्त होते, उंची कायम राहते, आणि ठिणग्यांनी वाढवलेली उंची सेट सरळ छाटून टाकतो.

पुष्कळ वर्षांनी आमच्या चाळीतल्या खोलीत एफएमचा सेट आला. खिडकीखालून जलद गाडी धडधडत गेली आणि गाणं जसंच्या तसं चालू राहिलं. मी हातातला चहा तसाच धरून उभा होतो. आईला वाटलं, काही वाईट बातमी आली.

पुढे मी दूरसंचारातच नोकरी धरली. तिथे माहिती पाठवायला लहरीची उंची आणि कला दोन्ही एकदम वापरतात. तपासणी यंत्राच्या पडद्यावर 16 ठिपके दिसतात. मध्यापासूनचं अंतर म्हणजे आयाम, कोन म्हणजे कला, आणि प्रत्येक ठिपका 4 बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे चार अंक, वाहतो. सिग्नल स्वच्छ असला की ठिपके टोकदार दिसतात, गोंगाट वाढला की कापसासारखे पिंजतात. नव्याने लागलेल्या मुलांना हे शिकवायची पाळी माझी असते. माझ्या टेबलाच्या खणात त्यासाठी काथ्याच्या दोन दोऱ्या आहेत. खिडकीला गज नाहीत, म्हणून कपाटाच्या मुठींना बांधतो.